कैचीखालचा पहिला बाक

९ फेब्रु. २००३
कॅम्पातलं चर्च आज आतून पाहिलं. इतकी वर्षं समोरून स्कूटर नेली, आत पाऊल टाकलं नाही. पेठेतलं शहाणपण, दुसरं काय! वर मान केली आणि कामच विसरले. सगळं छप्पर सागवानी कैच्यांवर, म्हणजे तिकोनी लाकडी चौकटींवर, मधे एकही खांब नाही. चुन्याच्या जाडजूड भिंती. बाहेर दुपारचं ऊन, आत माठातल्यासारखं गार. फादर म्हणाले, "मॅडम, आधी बसा तरी."

काम असं: हे छप्पर टिकेल का, ते मी इंजिनिअर म्हणून सही करून द्यायचं. आयटीवाली कुटुंबं आल्यापासून रविवारच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, लोक अंगणात उभे. चर्चच्या कमिटीला हे पाडून मोठा हॉल हवाय. स्लॅब, एसी वगैरे.

१२ फेब्रु.
परांचीवर चढले. लेकीच्या जीन्समधे! फादर हसले. एकेक सांधा पाहिला. लोखंड नावाला, लाकडात लाकूड बसवलेलं. कुठल्या सुतारांनी केलं, कुणाला ठाऊक नाही. खरंच हात जोडले.
पण वेदीजवळच्या कैचीचं टोक भिंतीत शिरतं तिथे स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला. नुसता भुसा.

१३ फेब्रु.
कारण सापडलं. छपराखालचे झरोके विटांनी बुजवलेले. वेदीची फुलं-कापडं बघणाऱ्या फिलोमिनाबाई म्हणाल्या, "आम्हीच बुजवले ना! कबुतरं वेदीच्या कापडावर घाण करायची." आणि वेदीच्या वर भिंतीवर पवित्र आत्मा रंगवलाय, पांढरंशुभ्र कबूतर! मी वर पाहिलं, फादरांनीही पाहिलं. "ते घाण करत नाही," फादर, गंभीर चेहऱ्यानं. हसून पुरेवाट.
हवा कोंडली, लाकूड कुजलं. भक्तीनं केलेली चूक, रागवायचं कुणावर.

१६ फेब्रु.
कमिटी. मी म्हटलं, झरोके उघडा, जाळी लावा, टोकाला नवं सागवान जोडू. सेक्रेटरी मेल्विन (सॉफ्टवेअरवाला, बोलायला गोड): "मग एसी?" "एसी हवा तर छप्पर विसरा."
मग तो म्हणाला, "मॅडम, माझी बायको बाळाला घेऊन पहिल्या बाकावर बसते, बरोब्बर त्या कैचीखाली. तुमच्या घरचं माणूस तिथं बसवाल?"
"हो" म्हणायचं होतं. सांध्याचा नकाशाच उलगडून दाखवायला लागले. फादरांनी चहा मागवला.

८ मार्च
कमिटीनं माझ्या दाखल्याच्या अटीवर दुरुस्ती मान्य केली, टोक जोडून झालं. ठोकून पाहिलं, आवाज खणखणीत. झरोके उघडल्यावर वरून उजेड आला तो थेट चुन्याच्या भिंतीवर. काय देखणी वास्तू आहे! फिलोमिनाबाई कितीतरी वेळ बघत उभ्या होत्या. पाडायचं कुणाच्याही जिवावर येईल. पण माझी सही नसली तर पाडतीलच. दाखला तयार आहे, सोमवारी द्यायचाय.
जेवताना लेकीला सांगितलं, उद्या मिस्सेला जाणार, पहिल्या बाकावर बसणार.
"मग मीही येते."
"ये की. तू मागे बस पण."
तोंडातून निघून गेलं.