अध्यक्षबाई आणि पुस्तकांची तीन कपाटं

सोमवार, ७ जुलै

अध्यक्ष झाले! मी!

स्वरूपाला, म्हणजे नातीला, शाळेत सोडायला गेले होते, रोजच्यासारखी. हेडसर फाटकाशीच उभे. "आजी, पाच मिनिटं वर या." वर पालकांची मीटिंग. शाळेच्या समितीचा अध्यक्ष पालकांमधलाच लागतो, असा नियम आहे म्हणे. पालक सगळे कंपनीत — नाहीतर रात्रपाळी करून झोपलेले. चार बाया आल्या होत्या, त्या एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. मग सगळी बोटं माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "मला अक्षर येत नाही." हेडसरांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "काही अडत नाही आजी. मी लिहीन, तुम्ही फक्त अंगठा द्यायचा."

माझ्या नवऱ्यालाही मी इतकी सोयीची कधी वाटले नव्हते.

हेडसर त्यांच्या वहीत काय लिहितील ते मला कळायचं नाही. मग माझीही एक वही असलेली बरी. मी सांगते, आमची मोनिका लिहिते. अडचण एकच — सुनेबद्दल काही सांगायचं तर ते तिलाच लिहावं लागतं. आत्ता बघा, लिहितानाच तोंड वाकडं केलं.

गुरुवार, १० जुलै

आज गुरुवारची सुट्टी, भोसरीतले कारखाने बंद. ज्योतीराम — माझा लेक — अजून लोळतोय. मोनिकाच्याही कंपनीची चाकणची बस नाही. म्हणून आज जरा सविस्तर.

अध्यक्ष म्हणून शाळा हिंडून बघितली. नळ गळतात ते सांगितलं. मग जिन्याखाली वाचनालय. वाचनालय म्हणजे तीन लोखंडी कपाटं, एक सतरंजी आणि शाहीन. ती मागच्या वर्षी मानधनावर आली. तिच्याआधी कपाटांना कुलूप असायचं. पुस्तकं रुखवतासारखी — बघायची, हात लावायचा नाही. शाहीननं आल्या आल्या कुलपं काढली. आता मधल्या सुट्टीत सतरंजीवर पाय ठेवायला जागा नसते. पोरं पालथी पडून वाचतात, घरी नेतात. पुस्तकांची कव्हरं निघालीत, कोपरे कुत्र्यानं चावल्यासारखे.

मी म्हटलं, "शाहीन, काय गं ही दशा!"

"आज्जी, तव्याखाली काजळी नसेल तर त्या घरात भाकरी होत नाही समजायचं."

मी गप्प बसले. मी गप्प बसले, हे मोनिकानं दोनदा विचारून लिहिलं.

काल स्वरूपानं वाघाचं पुस्तक आणलं होतं. तिला वाचून दाखवायला आई बसली. पोरगी झोपून गेली तरी आई वाचतेच आहे. वरण करपलं. जेवताना फक्त विचारलं, "वाघ जगला का मेला, तेवढं सांग. वरण कुठल्या कामी आलं ते तरी कळू दे."

जगला म्हणे.

मंगळवार, १५ जुलै

मोनिका दमलीये. आज एवढंच.

गुरुवार, १७ जुलै

काल शाळेत मोठं प्रकरण झालं.

शिक्षण खात्यात दोन विभाग आहेत म्हणे. एका विभागाचं पत्र येतं — प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक द्या आणि फोटो पाठवा. दुसरा विभाग येऊन बघतो की पुस्तक कपाटात आहे का! दोन्ही एकाच मजल्यावर बसतात, हेडसर सांगत होते. चहाची वेळ वेगळी असावी.

काल आल्या त्या दुसऱ्या विभागाच्या मॅडम. कपाटं बघितली. निम्मी रिकामी. शाहीननं वही पुढे केली — कुणी कुठलं पुस्तक नेलं, सगळं लिहिलेलं. मॅडम म्हणाल्या, "हे ठीक आहे हो. पण परत कुठं आलंय? मागच्या दिवाळीत नेलेलंही बाहेरच आहे." तेही खरंच. पोरं नेतात, दुसऱ्याला देतात, दुसरा तिसऱ्याला. शाहीन कुणाच्या मागे लागत नाही. "वाचून झालं की येईल" म्हणते.

मग हेडसरांनी माझ्यासमोर कागद ठेवला आणि शाईचं पॅड. शाहीनला कमी करायचा ठराव.

मी म्हटलं, "अंगठा दुखतोय."

"दुसऱ्या हाताचा द्या आजी."

"तोही दुखतोय."

मॅडमनी हसू दाबलं, मी बघितलं. त्या म्हणाल्या, "कधीपर्यंत दुखेल?"

"पुस्तकं गोळा होईपर्यंत."

बाई वाईट नाही. महिनाअखेरपर्यंत वेळ दिला. तीस तारखेला परत येणार. कपाटं भरलेली दिसली तर ठीक, नाहीतर शाहीनचं काम बंद.

त्या गेल्यावर शाहीन जिन्यात बसली होती. मी शेजारी टेकले. "मला पैशाचं काही नाही, आज्जी," म्हणाली. मग स्वतःच, "नाही कसं, आहेच. नवऱ्याचं गॅरेज सध्या नावालाच चालू आहे. पण खरं सांगू? घरी मला कुणी मॅडम म्हणत नाही. इथं शंभर पोरं म्हणतात."

मी म्हटलं, "ऊठ मॅडम. वही घे. दारोदार जायचंय."

रविवार, २० जुलै

पाय दुखताहेत. खरे, अंगठ्यासारखे नाही.

शाहीन वहीतलं नाव वाचते, मी दार वाजवते. तिला मागायला लाज वाटते, मला कशाचीच वाटत नाही — बरी जोडी जमली.

पहिली केसरबाई. जुनी भोसरीची, चार खोल्या भाड्यानं दिलेल्या, तोंड त्याहून मोठं. तिच्या नातवाचं पुस्तक टीव्हीखाली सापडलं, टेकू म्हणून.

"अगं बया, ह्ये साळंचं व्हय? मला वाटलं टीव्हीसंगं आलंय!"

"टीव्हीसंगं ससा-कासव येतं का गं?"

"आता मला काय ठावं? तुझ्यावानी अध्यक्ष न्हाई मी!"

नेऊ दिलं, पण टीव्ही कलला म्हणून मला शिव्या घातल्या. वर चहा पाजला.

मग नवनाथ, पोरांना शाळेत नेणारा रिक्षावाला. दोन पुस्तकं त्याच्या सीटखाली. पोरं विसरली होती, ती ह्यानं वाचायला घेतली. "आजी, थोडंच राहिलंय, उद्या देतो की." मी म्हटलं, "आत्ता वाच, मी उभी आहे." रिक्षात बसून वाचलं बिचाऱ्यानं. तीन गिऱ्हाइकं परत पाठवली. शेवटी डोळे पुसत पुस्तक दिलं. धूळ गेली म्हणाला.

एक बिऱ्हाड माण गावाला गेलंय, तिकडं मोठ्या इमारतींचं काम मिळालं म्हणून. पुस्तक संगतीनं गेलं. नवनाथ म्हणाला, मी आणतो. आणतो म्हणजे वाटेत पुन्हा वाचतो.

गुरुवार, २४ जुलै

बहुतेक पुस्तकं आली. शाहीन डिंक लावते, स्वरूपा आणि तिच्या मैत्रिणी वजन ठेवतात — वजन म्हणजे स्वतः वर बसतात.

पण काल एक गोष्ट झाली. ती सांगावी की नको, असं वाटत होतं.

गल्लीतल्या एका वर्कशॉपच्या मागे, माडीवरच्या खोलीत चार परप्रांतीय पोरं राहतात. लेथवर काम करतात. वहीत नाव केसरबाईच्या नातवाचं होतं, पुस्तक मात्र ह्यांच्याकडे. चित्रांचं, बाराखडीचं. त्यातला एक म्हणाला, "दादी, इससे बस का बोर्ड पढना सीख रहे हैं." आणि त्यानं मला वाचून दाखवलं — भो, स, री. बोट ठेवून.

मागितल्यावर त्यानं पुस्तक पुसून दिलं. मी घेतलं. जिना उतरताना शाहीन म्हणाली, "आज्जी, ठेवायचं का त्यांच्याकडे?" मीच म्हटलं, "नको. एक कमी पडलं तर तुझ्यावर येईल."

मोनिका, पेन थांबवून माझ्याकडे बघू नकोस. लिही.

बुधवार, ३० जुलै

मोनिका उभ्या उभ्या लिहितेय, म्हणून थोडक्यात. मॅडम आल्या. तिन्ही कपाटं गच्च! जी पुस्तकं पार फाटली होती ती वेगळी बांधून ठेवली होती, तीही दाखवली. मॅडम कौतुकानं बघतच राहिल्या. "आजी, हे तुम्ही केलंत?" फोटो काढला. मी मध्ये, हातात गुलाब, शाहीन एका टोकाला अर्धी कापलेली.

ठरावाचा कागद हेडसरांनी माझ्यासमोर फाडला.

आज मी माझ्यावर फार खूश आहे.

गुरुवार, ३१ जुलै

खूश होते. काल.

आज सकाळी हेडसरांनी बोलावलं. मॅडमचा फोन आला होता — इतकं छान झालंय, आता बिघडू देऊ नका. वर्षाची तपासणी होईपर्यंत कपाटं कुलपात. पुस्तक बाहेर द्यायचं नाही. आणि पुस्तक द्यायचंच नाही तर ते देणारी बाई कशाला? उद्यापासून शाहीनचं मानधन बंद. काढलं नाही हं — "तूर्त थांबवलं". ह्याला समितीचा ठराव लागत नाही, म्हणजे माझा अंगठाही नको.

चावी ठेवायची कुणाकडे? हेडसरांना नको. एक पुस्तक हरवलं तर त्यांच्या अंगावर येतं. मग म्हणाले, "आजी, तुमच्याइतकं विश्वासाचं कोण आहे?"

शाहीननं चावी माझ्या हातात दिली. रडली नाही. म्हणाली, "डांबरगोळ्या संपल्यात, आज्जी. नव्या ठेवा. कसर लागते."

मी दारोदार गेले. केसरबाईचा टीव्ही कलता केला. त्या पोराच्या हातातून बाराखडी काढून घेतली. इतकं नीट काम केलं, इतकं नीट, की शाहीनच नको झाली. मॅडमला एकटीला जमलं नसतं ते!

मोनिकानं जेवायला बोलावलं. जेवले नाही. ती म्हणाली, "आई, थोडं तरी खा, आज वरण करपलेलं नाही." चांगलं बोलली. तरी नाही जेवले.

शनिवार, २ ऑगस्ट

पोरं कुलपाला हात लावून जातात. स्वरूपा माझ्याशी बोलत नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

श्रावणी सोमवार, शाळा अर्धी. सुटायच्या वेळेला जिन्याखाली गेले आणि तिन्ही कपाटं उघडली. पोरांना म्हटलं, घ्या. मुंग्या लागाव्यात साखरेला तसं झालं! केसरबाईच्या नातवाला म्हटलं, ते बाराखडीचं त्या लेथवाल्या पोरांना देऊन ये. घंटा व्हायच्या आत कपाटं रिकामी.

हेडसर धावत आले, एका पायात चप्पल. "आजी! कुणी काय नेलं? नोंद कुठाय?"

"नोंद करणारी बाई तुम्ही घरी बसवली, सर. मला कुठं लिहिता येतं?"

संध्याकाळी शाहीनचा फोन. "आज्जी, काय केलंत हो? हेडसरांचे चार फोन येऊन गेले. मॅडमशी बोलणं झालंय म्हणाले. मानधन चालू, वही घेऊन उद्या लवकर ये म्हणतात."

मी म्हटलं, "सावकाश ये. घाई त्यांना आहे."