नऊ नंबरचा पोर्ट

३ मार्च, सोमवार

माझ्या हातचं: तेराव्या वर्षी बिस्किटांच्या डब्यात बसवलेला रेडिओ. वडिलांच्या कानयंत्राचा चार्जर. हिच्या शिलाई मशीनची जळालेली मोटर, तार नि तार पुन्हा गुंडाळलेली. शेजाऱ्यांच्या पंपाचा आपोआप बंद होणारा स्विच. तीन स्टॅबिलायझर. पावलाच्या आवाजाने लागणारा जिन्यातला दिवा. सगळं आजही चालू. शाळा मी नववीत सोडली, पण माझी एकही वस्तू दुरुस्तीला परत आलेली नाही, हे छाती ठोकून लिहितो.

आज शीतगृहात वायरमन म्हणून रुजू झालो. ही नवी वही त्यासाठीच. चार थंड खोल्या, आत उणे बावीस. मासे, मटार, आइस्क्रीम. आत-बाहेर करणारे हमाल सोळा. त्यांचं लोंबकळणारं सॉकेट पाहून मी अर्धा तास व्याख्यान दिलं, तर दुपारपर्यंत माझं नाव 'मास्तर' पडलं. त्यांच्यातला सर्वांत वडीलधारा चार स्वेटरांवर कोट चढवून सावकाश चालतो, म्हणून तो कासव. त्यानेच चहा पाजला. म्हणाला की आत सगळं गोठतं, फक्त मॅनेजरच्या शिव्या तेवढ्या गोठत नाहीत. माणसं झकास आहेत. मन लागणार.

५ मार्च, बुधवार

पहिलं मोठं काम मिळालं. आत जाणारा प्रत्येकजण छातीवर काडेपेटीएवढा बिल्ला लावतो. माणूस दीड मिनिट हलला नाही तर बिल्ला बोंब मारतो आणि ऑफिसात घंटा वाजते. माणूस किती वेळ निश्चल, ते बिल्ल्याच्या पडद्यावर दिसतं. आत पडलेल्या माणसाकडे वीस मिनिटं असतात, म्हणून हा बंदोबस्त. आणि एवढे मोलाचे बिल्ले चार्ज कशावर होतात? तर मोबाइलच्या सोळा चार्जरांच्या घोसावर!

मॅनेजरला सांगितलं, कारखान्यात वापरतात तसा एकच यूएसबी हब घेऊ. निवड मी केली. प्लास्टिकचा नाही, पत्र्याच्या पेटीचा. भिंतीवरच्या पट्टीला घट्ट बसणारा. सोळा पोर्ट, आणि केबलला धक्का लागला तरी निसटू नये म्हणून प्रत्येकाला स्क्रू. कॉम्प्युटरला जोडला की कुठला बिल्ला लागलाय ते तिथे दिसतं. फक्त त्याला चोवीस व्होल्टचा सप्लाय वेगळा लागतो. तो मी घरी बांधतोय. ही म्हणाली, बाजारात मिळतं ते घरी करायचं आणि घरातलं सांगितलं की पाठ दुखते. बोलू दे.

१२ मार्च, बुधवार

बसवला. वायर काटकोनात वळवल्या, पोर्टांवर आकडे मी स्वतः रंगवले. हिशेब असा: एका पोर्टला अर्धा अँपिअर, पाच व्होल्ट, म्हणजे अडीच वॉट. सोळा पोर्टांचे चाळीस. माझा सप्लाय सत्तरचा. जवळजवळ दुप्पट!

सगळ्यांना उभं करून नियम सांगितला: काम संपलं की बिल्ला आपल्या आकड्याला लावायचा, सकाळी पोर्टवर हिरवा दिवा बघायचा आणि उचलायचा. कासवाचा आकडा नऊ. त्याने विचारलं की हिरवा म्हणजे भरला, की नुसता जोडला? मी म्हटलं, मास्तर मी की तू? सगळे हसले. तोही हसला.

१४ मार्च, शुक्रवार

किरकोळ अडचण. पार उतरलेले बिल्ले अर्धा नाही, दीड अँपिअर ओढतात. सगळे एकदम लागले की एकशेवीस वॉट. माझे चोवीस व्होल्ट सतरावर येतात, हब काही पोर्ट सोडून देतो, परत धरतो, परत सोडतो. हिरवे दिवे लागलेले राहतात, कारण ते नुसते जोडल्याचे आहेत. कोपऱ्यातला तांबडा दिवा, सप्लाय कमी पडल्याचा, मात्र लुकलुकतो.

दोन दिवसांपूर्वी टाळ्या घेतल्या, आज काय तोंडाने सांगू? तांबड्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. रविवारी मोठा ट्रान्सफॉर्मर गुंडाळतो.

१९ मार्च, बुधवार

रविवारी जमलं नाही. तार कमी पडली. या रविवारी नक्की. कोणी काही विचारलेलं नाही.

२० मार्च, गुरुवार

कासव गेला.

तीन नंबरच्या खोलीत, मटारच्या थप्पीमागे. पाय घसरला असावा. बिल्ला ओरडला नाही. सापडायला चाळीस मिनिटं लागली. चारजणांनी बाहेर आणला तेव्हा कोट लाकडासारखा झाला होता. बिल्ला बंद. पूर्ण उतरलेला.

मॅनेजरने सर्वांदेखत विचारलं की चार्जिंगमध्ये काही दोष? मी म्हटलं, यंत्रणा चोख आहे. म्हातारा माणूस, बिल्ल्यात पिन नीट बसवली नसेल.

हे वाक्य माझ्या तोंडून किती सहज आलं.

२४ मार्च, सोमवार

काल सुट्टी साधून बाजारातला दीडशे वॉटचा सप्लाय बसवला. माझा पिशवीत घालून घरी आणला. काळी पट्टी काढली. डिंकाचा डाग राहिला होता, तो रॉकेलने पुसला.

आज कासवाची बायको आली. मला भाऊ म्हणाली. म्हणाली, भाऊ, हे घराची कडी तीनदा ओढून बघायचे, ते पिन अर्धवट ठेवतील का? मॅनेजरने सांगितलं की अपघाताच्या अहवालात 'स्वतःचा निष्काळजीपणा' आलाय, त्यामुळे भरपाई बसत नाही. जाणकार म्हणून अहवालावर सही कोणाची, हे तिने विचारलं नाही.

सही माझी आहे. तिला पाणी दिलं. आणखी काही देता आलं असतं.

२७ मार्च, गुरुवार

नऊ नंबरचा हिरवा दिवा लागलाय.

त्या पोर्टला काही जोडलेलं नाही. केबल मीच काढली आहे. बिल्ला चौकशीवाल्यांच्या सीलबंद पाकिटात. तरी कॉम्प्युटरवर यादीत आहे: नऊ, जोडलेला. निश्चल, १६८ तास.

सात दिवस गुणिले चोवीस. बरोबर येतं.

२८ मार्च, शुक्रवार

मीटर लावला. रिकामा पोर्ट दीड अँपिअर ओढतोय. वीज जिथून वाहते ती जागा तापते, एवढं तेराव्या वर्षापासून ठाऊक आहे. नऊ नंबर गार आहे. पत्र्यावर त्या पोर्टापुरतं पांढरं दव गोठलंय. बोट लावलं तर कातडी चिकटली.

एका हमालाने विचारलं की मास्तर, रिकाम्या पोर्टला काय बघताय? म्हटलं, गळती. खाई त्याला खवखवे, असं कोणीतरी मागे पुटपुटलं. की मलाच वाटलं?

३१ मार्च, सोमवार

सप्लायच काढला. मेन स्विच खाली. पंधरा दिवे विझले. नऊ चालू. २६४ तास.

हिला सांगायला गेलो. सप्लायची पिशवी पुढे ठेवली. ती म्हणाली, परत आला का? पहिल्यांदाच हो ना? पिशवी उचलून माळ्यावर टाकली.

उद्या मॅनेजरला सांगतो. अहवाल बदलता येतो. बाईला भरपाई मिळेल. माझं जे व्हायचं ते—

उद्या.

१ एप्रिल, मंगळवार. सकाळी १०:३०

मॅनेजर बारा वाजता येणार. तोवर तीन नंबरमधला दिवा बंद पडलाय, तो बघायला आलो. वही नोंदीसाठी बरोबर, पेन्सिल चालते. अंगावर जादा पडलेला बिल्ला, आकडा नसलेला, सकाळी पूर्ण भरलेला. मीच तपासला.

१०:३८

बिल्ल्याच्या पडद्यावर ९ आलाय. निश्चल, २८८ तास.

मी चालतोय. हात हलवतोय. उड्या मारल्या. तो म्हणतो, निश्चल.

१०:४४

दार आतून ढकललं की उघडतं. रोज उघडतं. आज बर्फाने धरलंय. दाराशेजारचं घंटेचं बटण दाबलं. बाहेर वाजत नाही. बिल्लाही ओरडत नाही. त्यावरचा दिवा हिरवा.

१०:५१

बोटं— लिहितो. तांबड्या दिव्यावर पट्टी मी लावली होती. हिरव्याचा अर्थ मला माहीत होता. त्याने बरोबर विचारलं होतं.

लिहिलं आणि आकडा उतरला. २१०.

१०:५५

सप्लाय सत्तर वॉटचा. लागत होते एकशेवीस. चौदा तारखेला मला कळलं होतं. सहा दिवस. पिन त्याने नीट बसवली असणार. अहवाल खोटा आहे. सही माझी. ही वही ज्याला मिळेल त्याने त्याच्या बायकोला—

९६. ४०. आता नुसती मिनिटं. चाळीस मिनिटं.

थांबलाय. पुढे उतरत नाही.

सगळं लिहिलं की. अजून काय—

११:०४

थप्पीमागे पाय घासल्यासारखा आवाज. सावकाश. घाई नाही त्याला.

एक राहिलंय. कोणाला नाही सांगितलं. हिलाही

हब विकणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं. साहेब, जोडीचा सप्लाय घेऊन टाका, दीडशे वॉटचा, तुम्हाला निम्म्यात देतो, सोळा बिल्ले म्हणजे तेवढा लागणारच. मॅनेजरने पैसे मंजूरही केले होते. मीच नको म्हटलं. दुकानातला डबा माझ्या भिंतीवर नको म्हणून. अठराशे मागत होता. फक्त अठरा—