शेवटी येणारं अक्षर

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझे गुडघे काय म्हणतात? जिना चढू नकोस.

माझ्या लेकीला अजून 'ळ' येत नाही, ती 'केळं'ला 'केलं' म्हणते, म्हणून तू धास्तावलीस. अगं, इथे हॉटेलच्या लाँड्रीत देशोदेशीच्या बायका माझ्यासोबत चादरींना इस्त्री करतात. परवा चहाच्या सुट्टीत मी त्यांना 'केळं' म्हणायला लावलं. जीभ मागे वळवून दाखवली, पण जमेना. त्यांच्या भाषांत तो आवाजच नाही. हसून हसून पुरेवाट झाली.

फक्त समोरच्या टेबलावरची बाई पहिल्याच झटक्यात स्वच्छ म्हणाली. तिच्या भाषेत 'ळ' आहे. मी तिला तेवढा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला. इथे आल्यापासून हा आवाज दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलाच नव्हता. त्या नादात चादर करपली आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली. ते असो.

ती मोडक्यातोडक्या भाषेत सांगत होती, तिच्या पोरांनाही हे अक्षर सगळ्यात शेवटी आलं. तेव्हा घाबरू नकोस.

आणि आई, रोज समोर बसवून लेकीकडून घोकून घेतेस, ते थांबव. तिचा पहिला दात तू पाहिलास, पहिलं पाऊलही तूच पाहिलंस. हा 'ळ' तेवढा मी येईपर्यंत राहू दे.

तुझी थोरली