गोलसमोरची जागा माझीच

४ एप्रिल १९७४
केर्नाबिलच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबने यंदाही कोच मलाच नेमलं. कोच आणि खेळाडू, दोन्ही. वय एकोणचाळीस. मेलबर्नच्या मोठ्या क्लबातून खेळलेला माणूस या गव्हाच्या मुलखात दुसरा नाही. (चार मॅच. पण खेळलो.) संकल्प: बिअर बंद. रोज पहाटे पळायचं. गोलसमोरची जागा अर्थात माझी.

५ एप्रिल
पळालो नाही. उत्तरेचा वारा, धूळ फार. बिअर घेतली, पण क्लबचा अध्यक्ष स्टॅन प्रुइट पाजत होता. त्याचा मान ठेवायला हवा.

२० एप्रिल
हरलो. माझे सगळे फटके मधल्या दोन खांबांऐवजी बाजूच्या खांबांतून गेले, म्हणजे सहाऐवजी एकेकच गुण. पण चेंडू माझ्याकडे येत होता, हे कुणी बोलत नाही. शाळेतला नवा मास्तर लिऑन पेट्राक चेंडू हातांत झेलायला थेट दुसऱ्याच्या खांद्यावर चढतो. त्याला मागे बचावात ठेवलाय. उड्या मारायला तिथेही जागा आहे.

२५ मे
पुन्हा हार. स्टॅन म्हणाला, क्लॅरी, पेट्राकला पुढे टाकून बघ ना, तू बाहेरून ओरड, ओरडतोस छान. मी म्हटलं, कोच मी आहे. म्हणाला, तीच तर पंचाईत आहे.
पुढच्या शनिवारीही मीच खेळणार.

१३ जुलै
चिखल. गुडघा फिरला. दोघांनी उचलून बाहेर आणलं. नाइलाजाने पेट्राक पुढे. त्याने सात गोल मारले, जिंकलो. मैदानाभोवतीच्या गाड्यांचे हॉर्न थांबेनात. नंतर पोरांना सांगितलं, विरोधकांना गाफील ठेवायला मी याला इतके दिवस लपवला होता. सगळे एकदम बुटांच्या नाड्या सोडायला वाकले. पटलं असावं.

१५ जुलै
कमिटीची बैठक. ठराव: क्लॅरी डन्स्टनने यापुढे मैदानात उतरू नये. मांडला कुणी, तर वॅलने. माझ्या बायकोने. एकमताने मंजूर.
घरी आल्यावर जाब विचारला. म्हणाली, तुझा गुडघा मी चोळते, स्टॅन नाही. काल व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, धूळ गेली असेल. म्हणाली, एवढ्या चिखलात?

१६ जुलै
कोचपदाचाही राजीनामा दिला. बसा म्हणावं आता. शेजारच्या गावच्या क्लबला फोन केला. कळवतो म्हणाले. उत्सुक वाटले.

३१ ऑगस्ट
फोन नाही. टेलिफोन एक्स्चेंजवरची बाई बेभरवशाची आहे. केर्नाबिलने सेमीफायनल मारली. पाया माझाच. मॅच गाडीत बसूनच पाहिली. जिंकल्यावर हॉर्न वाजवणार नव्हतो. कोपर लागलं.

५ एप्रिल १९७५
दहा वर्षांखालच्या पोरांचा कोच झालो. स्टॅन घरी येऊन गयावया करत होता. वॅल म्हणते, तिनेच त्याला बोलावलं होतं. असो.
आज पहिला सराव. पोरांना गोल करून बसवलं, म्हटलं, नीट बघा, मेलबर्नची किक अशी असते. धावलो, हातातला चेंडू सोडला, पाय वर गेला, पाठोपाठ मीही. चेंडू राहिला तिथेच. बराच वेळ आकाश बघत पडलो. एकाने येऊन वाकून विचारलं, कोच, पडायचं ते किकच्या आधी की नंतर?
मी म्हटलं, नंतर.
मग तासभर सगळी पोरं किक मारून पाठीवर पडत होती. एकही चुकला नाही.