चार कंपन्यांचं एक घड्याळ

अकोला, रविवार

आदरणीय देवमनमामा,

सुगतचा सविनय जय भीम. पंचफुलामामींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही ठीक. (फोनच करणार होतो, पण माझी बायको, तुमची सूनबाई माया, माझे फोन कान देऊन ऐकते.)

जुनी मनगटी घड्याळं जमवण्याचं माझं वेड तुम्हाला ठाऊक आहे. ऑफिसातला अश्विन म्हणाला, अचलपूरला त्याच्या गंगूआत्याकडे तिच्या दिवंगत मालकांचं चावीचं घड्याळ आहे, अजून चालतं. मी लगेच एसटी धरली. (बसमध्ये डोळ्याला भिंग लावून सराव करत होतो, तर शेजारची बाई न विचारता तिकीट दाखवू लागली.)

गंगूबाईंनी चहा पाजला, आडनाव विचारलं, मग घड्याळ पुढे ठेवलं. भिंगातून तबकडीवरची अक्षरं जाडसर दिसली. म्हणजे नंतर रंगवलेली. झाकण उघडलं तर आतलं यंत्र दुसऱ्याच कंपनीचं, काटे तिसरीचे, चावी चौथीची. मी जड मनाने सांगितलं, की आत्या, हे अस्सल नाही.

"काहून रे बाबू? जे बिघडलं ते त्याईनं बदललं. सोताचे दात बदलले, डोयात भिंग बसवलं, गुडघाबी नवा टाकला. मंग मी का नकली नवऱ्यासंगं संसार केला?"

मामा, मी घड्याळ कानाला लावलं. टिकटिक स्वच्छ. चार कंपन्या एका डबीत इतक्या गुण्यागोविंदाने नांदतात कशा, या विचाराने मला तेव्हापासून चैन नाही. अस्सल घड्याळ पाहून कधी इतकी उत्सुकता वाटली नव्हती. मी मागितलंच.

त्यांनी घड्याळ माझ्या हातातून काढून घेतलं. "देतो. पण घरचं मोठं माणूस घिऊन ये. पोरगी देतानी आमी घरदार पायतो, तसंच हे."

सर्वांना जय भीम.

तुमचा भाचा,
सुगत

ता.क. : येत्या रविवारी अचलपूरला चलाल का? इस्त्रीचा सदरा घाला.

ता.क. दुसरा : त्यांनी विचारलं तर, आमचा सुगत सगळी घड्याळं आलटूनपालटून हातात घालतो, असं सांगा. मी तसंच सांगून आलोय. (माझ्याकडचं एकही चालत नाही. हे फक्त मायाला माहीत आहे, तेव्हा ती सोबत येते म्हणाली तर तुम्ही गाडीत जागा नाही म्हणा.)