हीटरचं भोक

९ डिसेंबर, मंगळवार, संध्याकाळ

किहीमच्या हवेत गाडीला हीटर कुणाला हवाय? पण शेठना वडिलांची जुनी गाडी अगदी होती तशी करायचीय, म्हणून त्याच काळातला हीटर शोधून आणलाय. आमच्या मिस्त्री नझीरचाचांनी सकाळीच बजावलं होतं, जुन्या गाडीला नवीन भोक पाडायचं न्हाय, कंपनीनं पाडलेलं भोक डॅशबोर्डाच्या अस्तराखाली असतंच. आणि मी? माडावरची घार बघत बघत डॅशबोर्डाला ड्रिल लावलं. हीटरच्या बटणाचं मूळ भोक दोन बोटं पलीकडे निघालं.

दुपारी शेठ आले, भोक बघून लाल झाले. मला वाटलं, झालं, याही गॅरेजातून आपली हकालपट्टी. तर चाचा शांतपणे म्हणाले, "माझा हात घसरला, शेठ." चाळीस वर्षांत कधी न घसरलेला हात.

असं का बोललात, मी नंतर विचारलं.

"तुझं नाव घेतलं असतं तर उद्या पळाला असतास. पळायला तुला येतंच. आता हितं ऱ्हा नि भोक बुजवायला शीक."

माझ्यासाठी असं कुणी कधी बोललं नव्हतं. भोक डोळ्यांपुढून हलत नाही. ते भरून, घासून, रंगवून झालं की शेठना खरं मीच सांगणार. त्याआधी नाही, तेवढा धीर नाही.