सरळ उडताना येणारी चक्कर

३ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. यातला साष्टांग मी रविवारी मैदानावर, सगळ्या क्लबासमोर, खरोखरच घालून आलो आहे.

घाबरू नकोस, हाडं शाबूत आहेत. विमान मात्र गेलं. दोन तारांच्या टोकाला इंजिनाचं छोटं विमान बांधायचं आणि मधे तारांची मूठ धरून त्याच्याबरोबर गरागरा फिरायचं, असला खेळ आपण दोघांनी कुठल्या मुहूर्तावर निवडला कोण जाणे! हल्ली चार फेऱ्या झाल्या की मैदानच माझ्याभोवती फिरायला लागतं. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतला तोल गेलाय, वयानं होतं. दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवतो मी, वय होतं हे मला का ठाऊक नाही? पण स्वतःच्या नावावर ऐकलं की टोचतं.

गंमत अशी, की हवेत उभे गोल लूप मारताना, आडवे आठ काढताना मी ठणठणीत असतो. तेव्हा तोंड एकाच दिशेला असतं, हलतो तो फक्त हात. पण दोन कसरतींच्या मधे ज्या साध्या सरळ फेऱ्या असतात ना, ज्यात नवशिकेही जांभया देतात, तिथे मी आडवा!

हिने निकाल दिलाय. मे महिन्यातल्या स्पर्धेत एकदा बघू, पण तिथे वर्तुळात पडलात तर मूठ कायमची माळ्यावर. मी मान डोलावून बसलोय. ताई, खरं सांगतो, हे सुटलं तर रविवारी सकाळी उठून मी करणार काय?

जाता जाता, क्लबातल्या एका मित्राला तुझ्या त्या जाड पंखाच्या विमानाचा आराखडा हवाय. फार गरजू आहे बिचारा.

कळावे. लोभ आहे तो राहू दे, हसून कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. आराखडा सोबत आहे. तुझ्या मित्राला सांग, की माझ्या विमानाला इतकी वर्षं ‘उशी’ म्हणून हिणवणारा माझा एक भाऊ आहे, त्याच्या हाती हा कागद लागू देऊ नकोस.

सोफे शिवणाऱ्या बाईनं उशीच बनवायची, दुसरं काय! पण ऐक. तुझं पातळ पंखाचं विमान हवेतल्या चौकोनाचे कोपरे सुरीनं कापल्यासारखे घेतं, मान्य. मात्र ते हळू उडवलं की कोपऱ्यात पंखावरची हवा सुटते आणि ते धप्पकन बसतं. म्हणून ते जोरात न्यावं लागतं, म्हणून तू भोवऱ्यासारखा फिरतोस. माझं हलकं आहे, पंख जाड, त्यांच्या मागच्या कडेला फ्लॅपच्या हलत्या पट्ट्या. शेपटीची पट्टी वर गेली की फ्लॅप खाली येतात आणि हळू असतानाही विमान तोलून धरतात. त्यात तारा लांब लाव. फेरी सावकाश होईल आणि तुझ्या कानाला जरा उसंत मिळेल.

वाऱ्यात ते लोळतं, तेवढं मात्र कबूल. मागे एकदा डोक्यावर आठ काढताना वाऱ्यानं ते माझ्याच अंगावर आणलं, आणि मी मूठ टाकून पळाले. स्वतःच्याच विमानाला घाबरून! लोकांना सांगितलं, पाय घसरला. कुणाचाही विश्वास बसला नाही.

आणि एक. या विमानाचं इंजिन कमी पितं. इंधन मोजून घाल, ते संपल्याशिवाय इंजिन थांबत नाही; नाहीतर कसरती संपल्यावरही ते फिरत राहील आणि त्याच्याबरोबर तू. इंजिन चालू असताना उतरवायचा मोह तर अजिबात नको, पंखा मातीत घुसून विमान उलटेल.

कळावे. वहिनीला आशीर्वाद, तिचं बरोबर आहे. लोभ तुझ्यावर जास्त, पण बाजू तिची.

ताई

२१ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. मित्र-बित्र कुणी नाही, हे तुला पहिल्याच ओळीत कळलं असणार.

विमान झालं. पंखाचा सांगाडा बघून हिनं विचारलं, यात कापूस कधी भरायचा? मी हसलो नाही, कारण हा विनोद माझाच होता, तोही चोरीला गेला. रविवारी उडवलं. माझं जुनं विमान कोपरा दिसला की वळायचं. तुझं आधी विचार करतं, मग वळतं. पण वळतं ग! लूप असे गोल निघाले, की मला वाटलं मूठ दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे. आणि सगळ्या सरळ फेऱ्या मी दोन पायांवर काढल्या. घरी येईपर्यंत कुणाला सांगितलं नाही, की आपण उशीच्या प्रेमात पडलोय.

स्पर्धेची धाकधूक आहे. कळावे. लोभ आहेच, जोडीला थोडा धीरही पाठव.

धाकटा

२ मे

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. इंधन मोजून घाल. लोभ आहे.

ताई

१९ मे

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं कार्ड मिळालं, वाचलं, खिशात ठेवलं आणि टाकी काठोकाठ भरली. मधेच इंजिन बंद पडलं तर, ही भीती. मला मार, पण आधी ऐकून घे.

वारा होता. चौकोनाचे कोपरे भाकरीसारखे गोल झाले, परीक्षकांनी भुवया उंचावल्या. सरळ फेऱ्यांत मी नजर विमानाच्या नाकावर खिळवली, मागच्या झाडांकडे बघितलंच नाही. शेवटची कसरतही झाली. आता फक्त इंजिन थांबायचं होतं. ते काही थांबेना! एक फेरी, दुसरी, तिसरी. झाडं हलायला लागली. ही कडेला हाताची घडी घालून उभी होती. प्रत्येक फेरीला ती मला दिसायची, आणि एका फेरीला बघतो तर घडी सुटलेली. आता मी आडवा होणार, हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

उतरवता येईना, फिरवेना. मग काय सुचलं कुणास ठाऊक, मी आठ काढायला लागलो. आडवे आठ, एका जागी उभं राहून, एकाच दिशेला तोंड करून. आठावर आठ, आठावर आठ. परीक्षकांनी पेनं खाली ठेवली. लोकांना वाटलं, म्हातारा रंगात आलाय. टाळ्या काय, शिट्ट्या काय! कसला रंग, मी फेरी टाळत होतो! अखेर इंजिन गप्प झालं, विमान तरंगत येऊन गवतावर टेकलं, आणि त्यानंतर मी टेकलो.

वेळ टळून गेल्यानं उतरण्याचे गुण गेले. शेवटून दुसरा आलो. शेवटच्याचं विमान उडालंच नव्हतं.

ही आली. मी मूठ तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली नाही. म्हणाली, मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, विमान आधी उतरलं आणि तुम्ही नंतर बसलात, आणि पडणं कसं असतं ते मी मार्चमध्ये बघितलंय. मग तीही तिथेच गवतात बसली. ताई, मला रडू आलं. चांगलं भोकाड पसरलं, परीक्षकांसमोर. क्लबातले समजूत घालत होते, की अरे, नंबरासाठी एवढं काय मनाला लावून घ्यायचं!

पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. मूठ माझ्याकडे, पण इंधनाची बाटली आणि ते मोजायची सिरिंज हिनं आपल्या पर्समध्ये टाकली आहे. मागितली तर देत नाही.

कळावे. लोभ असाच चालू राहू दे.

तुझा, अजून उभा असलेला,
धाकटा